तुम्ही विचारलंत म्हणून: विली नेल्सन कुठून ऐकायचा?

माझ्या गाडीत बसलेला माणूस पाचव्या मिनिटाला विचारतोच, "हे नाकात गाणारे आजोबा कोण?" विली नेल्सन, अमेरिकेतल्या गावाकडच्या मातीतून आलेल्या 'कंट्री' संगीताचा गायक, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ऐकायचंच तर सुरुवात कुठून करू?

जाणकार १९७५ चा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' सांगतील, आणि त्यांचं चूक नाही. मी मात्र 'गॉड्स प्रॉब्लेम चाइल्ड' सांगतो. हा अल्बम एप्रिल २०१७ मध्ये आला, विलीचा ८४ वा वाढदिवस तोंडावर असताना.

विलीच्या गाण्याला 'आउटलॉ कंट्री' म्हणतात. आउटलॉ म्हणजे कायद्याबाहेरचा, म्हणून लोकांना बंदुका आठवतात. भांडण निराळंच होतं. टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल म्हणजे कंट्री संगीताची राजधानी. तिथले निर्माते गाण्यावर व्हायोलिनांचा आणि कोरसचा पाक ओतायचे, वादकही तेच ठरवायचे. १९७० च्या डिसेंबरात टेनेसीतलं घर जळालं, विली टेक्सासला परतला, केस वाढवले आणि माझी माणसं, माझा आवाज म्हणून हटून बसला. वेलन जेनिंग्ज या दुसऱ्या कंट्री गायकाचाही तोच हट्ट. एवढीच ती गुन्हेगारी.

हा हट्ट ८४ व्या वर्षी कसा वाजतो, ते या अल्बममध्ये ऐकावं. तेरापैकी सात गाणी विली आणि निर्माता बडी कॅनन यांनी मिळून लिहिली, तीही मोबाइलवर एकमेकांना ओळी पाठवत. पहिलं गाणं बडीच्या नव्वदी ओलांडलेल्या आईचं. (या घरात चौऱ्याऐंशीचा माणूस म्हणजे पोरगाच!) विली गेल्याच्या अफवा इंटरनेटवर अधूनमधून उठतात. त्यावर 'स्टिल नॉट डेड'मध्ये तो मजेत सांगतो, उठून बघतो तर आजही मेलेलो नाही.

आवाज आता विरलेल्या धोतरासारखा झालाय. पण गाण्याची चाल बघा. ओळ ठेक्याच्या मागे रेंगाळते, आपल्याला वाटतं गेली सम, आणि तो दोन शब्द झपकन टाकून बरोबर जागेवर येतो. सोबतीला 'ट्रिगर', १९६९ पासूनची नायलॉन तारांची मार्टिन गिटार. अशी गिटार खरं तर बोटांनी छेडायची असते, हा पिकने, म्हणजे छोट्या कडक पट्टीने, वाजवत आलाय. घासून घासून लाकडाला भलंमोठं भोक पडलंय, तरी बदलत नाही.

मधली एक-दोन गाणी सपक आहेत, खुशाल पुढे ढकला. शीर्षकगीत मात्र नीट ऐका. त्यात गायक-पियानोवादक लिऑन रसेल गायलाय, आणि अल्बम येण्याआधीच, नोव्हेंबर २०१६ मध्ये, तो गेला. शेवटचं गाणं कंट्री गायक मर्ल हॅगार्डसाठी. हा जुना दोस्त एप्रिल २०१६ मध्ये, स्वतःच्या ७९ व्या वाढदिवशीच वारला. स्वतःच्या मरणाची थट्टा करणारा विली इथे एकही विनोद करत नाही. या गाण्याला शेजारचा बोलत असेल तर मी आवाज वाढवतो.