गुरांच्या स्टेशनवर काम शोधणाऱ्या नागपूरकरांसाठी

नागपूरहून मला येणाऱ्या फोनांमध्ये अलीकडे दोन प्रश्न हमखास असतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे गुरांच्या ज्या अवाढव्य रँच आहेत, ज्यांना इथे सगळे स्टेशन म्हणतात, तिथे आपल्याकडच्या मुलामुलींना काम मिळते का, हा पहिला. आणि ते मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे द्यावेत का, हा दुसरा. काम मिळते, आणि एजंटाला एक रुपयाही देऊ नये. हे इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण असे की, ज्यांच्या अंगात हे काम करण्याची खरी धमक आहे अशी काटोल-उमरेडकडची, गोठ्यात वाढलेली, शेतीची किंवा पशुसंवर्धनाची पदविका घेतलेली मुलेच ‘फार्म व्हिसा’च्या जाहिरातीला भुलतात आणि वडिलांनी संत्र्याच्या बहारावर उचललेले पैसे शहरातल्या एखाद्या कार्यालयात नेऊन भरतात.

म्हणून व्हिसाचे आधी सांगते. फार्म व्हिसा नावाचा व्हिसा भारतीयांसाठी अस्तित्वात नाही. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने शेतीकामासाठी स्वतंत्र व्हिसा जाहीर केला होता, पण २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर तो बेत गुंडाळला गेला, आणि परदेशी शेतमजुरांसाठी आज जी सरकारी योजना चालते ती प्रशांत महासागरातील बेटांवरचे देश आणि तिमोर-लेस्ते यांच्यापुरतीच आहे. भारतीय तरुणांसाठी खुला आहे तो वर्क अँड हॉलिडे व्हिसा, उपवर्ग ४६२. दोन्ही देशांमधला व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला आणि त्यातल्या तरतुदीप्रमाणे २०२४ पासून वर्षाला १,००० भारतीयांना हा व्हिसा मिळू शकतो. वय १८ ते ३० असावे, बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण झालेले असावे, व्यवहारापुरते इंग्रजी यावे आणि सुरुवातीच्या खर्चासाठी सुमारे ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवता यावेत. अर्ज जागांपेक्षा कितीतरी अधिक येत असल्यामुळे सोडत काढली जाते. तिच्या नोंदणीचे शुल्क २५ डॉलर आहे, पॅन क्रमांक लागतो, नोंदणी घरी बसून स्वतः करता येते आणि निवड संगणक करतो. या सोडतीत कोणाचीही ‘सेटिंग’ चालत नाही, मग एजंट नेमके कशाचे पैसे घेतो, हे त्याला समोर बसवून विचारावे. नोकरीसाठी व्हिसा प्रायोजित करण्याच्या बदल्यात पैसे मागणे हा तर २०१५ पासून ऑस्ट्रेलियात कायद्याने गुन्हा आहे.

दुसरी वाट शिक्षणाची, आणि मी त्याच वाटेने इथे आले. मात्र विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही आणि गुरे गोळा करण्याचा हंगाम नेमका सत्राच्या दिवसांत येतो, त्यामुळे शिकता शिकता स्टेशनवर राहणे जमत नाही. पदवीनंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर ते सहज जमते, तरीही मेलबर्नमध्ये कृषी किंवा पशुविज्ञान शिकून गोदामात रात्रपाळी करणारी आपली मुले उत्तरेचा विचारसुद्धा करत नाहीत, याची मला मनापासून हळहळ वाटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲना क्रीक हे जगातले सर्वांत मोठे स्टेशन २३,००० चौरस किलोमीटरहून अधिक आहे. आपला सगळा नागपूर जिल्हा जवळपास ९,९०० चौरस किलोमीटरचा. नॉर्दर्न टेरिटरीमधील बार्कली पठारावरची मोठी स्टेशने एकेकटी नागपूर जिल्ह्याहून मोठी आहेत. तिथली जमीन पाहून विदर्भातल्या माणसाला परके वाटणार नाही, कारण ती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसात चाक धरून ठेवणारी काळी मातीच आहे. पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पडतो, तेव्हा रस्ते बंद होतात आणि स्टेशनवर मोजकी माणसे राहतात. एप्रिल-मेपासून ऑक्टोबरपर्यंत कोरडा हंगाम, आणि वर्षाचे सगळे मोठे काम त्यात उरकायचे असते. म्हणूनच माणसे नेमण्याचा काळ हंगामाच्या आधीचा, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मोठ्या कंपन्या, उदाहरणार्थ १८२४ मध्ये स्थापन झालेली ऑस्ट्रेलियन ॲग्रिकल्चरल कंपनी, आपल्या संकेतस्थळावर पदे जाहीर करतात. एकेका कुटुंबाच्या मालकीची स्टेशने फेसबुकवरच्या गटांतून आणि ओळखीतून माणसे घेतात. पुढची संधी जून-जुलैमध्ये येते. गुरे गोळा करण्याची पहिली फेरी संपली की काही जण कंटाळून निघून जातात, आणि त्या वेळी कॅथरिन, माउंट आयझा किंवा कनुनर्रासारख्या गावात जो हजर असेल त्याला दोन दिवसांत बोलावणे येते.

नुसता ईमेल पाठवून वाट पाहत बसू नये. फोन करावा, आणि तो व्यवस्थापक दिवसभर बाहेर असतो हे धरून दुपारच्या जेवणाच्या वेळी किंवा संध्याकाळी करावा. तो गुणपत्रिकेबद्दल विचारणार नाही. गिअरची गाडी चालवता का, टायर बदलता येतो का, मोटारसायकल कच्च्या जमिनीवर चालवली आहे का, हंगामभर थांबाल का, असे चार प्रश्न तो विचारतो आणि उत्तरे कशी येतात ते ऐकतो. ‘सर, सर’ म्हणण्याची आपली सवय इथे उपयोगी पडत नाही, लोक व्यवस्थापकालाही नावाने हाक मारतात. जे येत नाही ते ‘येत नाही, शिकेन’ असे सरळ सांगितलेले त्यांना आवडते, आणि येते म्हणून सांगितलेले आले नाही तर एखाद्याचा जीव जाऊ शकतो, म्हणून ते आवश्यकही आहे.

याच कारणाने माझा आग्रह असतो की, विमानाचे तिकीट काढण्याआधी काही आठवडे हिंगण्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये किंवा आयटीआयमध्ये घालवावेत. वेल्डिंग, पंक्चर काढणे, डिझेल इंजिनाचे फिल्टर बदलणे, ग्रीस भरणे, तारेचे कुंपण ताणणे आणि जोडणे, एवढे हाताला आले की निम्मे काम मिळालेच म्हणून समजा. घोडा येत असेल तर उत्तम, न आल्याने अडत नाही, कारण आज बहुतेक ठिकाणी रॉबिन्सन आर-२२ हे छोटे हेलिकॉप्टर, मोटारसायकली आणि घोडे असे तिन्ही मिळून गुरे हाकतात. चार चाकांच्या क्वाड बाइकबाबत मात्र विशेष सावध राहावे. ती उलटून इतके मृत्यू झाले की ऑक्टोबर २०२१ पासून संरक्षक चौकटीशिवाय नवी क्वाड बाइक विकण्यास इथे बंदी आहे, आणि जुनी, चौकट नसलेली गाडी दिली तर ‘नको’ म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

नवख्या माणसाला बहुधा पाण्याची फेरी मिळते आणि मला ती स्टेशनवरची सर्वांत मोलाची नोकरी वाटते. बोअरचे पाणी सौर किंवा डिझेल पंपाने टाकीत येते आणि तिथून पाइपाने लांबलचक हौदांमध्ये उतरते. एका फेरीत असे अनेक बोअर येतात आणि त्यांच्यात दहा-वीस किलोमीटरचे अंतर असते. प्रत्येक ठिकाणी आधी टाकीची पातळी पाहायची, मग हौदाच्या टोकाचे पत्र्याचे झाकण काढून आतला बॉलकॉक हाताने दाबून पाहायचा. चेंडू खाली गेला की पाणी जोरात सुटले पाहिजे आणि सोडला की थांबले पाहिजे. त्यात शेवाळ किंवा खडा अडकून तो उघडा राहिला तर रात्रीतून टाकी रिकामी होते. बंद राहिला तर दुसऱ्या दिवशी दुपारी कोरड्या हौदाभोवती शेकडो गुरे हंबरत उभी असतात, आणि त्या उन्हात त्यांच्याकडे फार वेळ नसतो. मग ताठ झाडूने हौदाचे शेवाळ घासायचे, बुडालेला पक्षी काढायचा, क्षार-चाटणाचे टोपले भरायचे, जनावरे मोजायची आणि लंगडणाऱ्या जनावराची वहीत नोंद करायची. निघण्यापूर्वी आपला मार्ग रेडिओवर सांगायचा, गाडीत किमान वीस लिटर पिण्याचे पाणी ठेवायचे आणि गाडी बंद पडली तर ती सोडून पायी निघायचे नाही, हा इथला नियम अक्षरशः पाळायचा. आमच्याकडच्या नवतपाची सवय असलेल्या माणसालासुद्धा तो लागू आहे, कारण गाडी वरून दिसते, माणूस दिसत नाही.

यार्डातले, म्हणजे गुरे कोंडण्याच्या आवारातले, काम याहून अंगावर येणारे आहे. हाकून आणलेली गुरे अरुंद वाटेने एकेक पुढे येतात, फाटकाशी उभा असलेला अनुभवी माणूस क्षणात जनावर ओळखून ओरडतो आणि ज्याच्या हातात ते फाटक असेल त्याने तेवढ्याच वेळात ते उघडायचे. वासरे एकीकडे, विक्रीची दुसरीकडे, परत रानात सोडायची तिसरीकडे. वासरांना डाग देणे, खच्चीकरण, शिंगे काढणे आणि कानात राष्ट्रीय नोंदणीचा इलेक्ट्रॉनिक बिल्ला लावणे हे सगळे तिथेच होते. आपल्या पशुवैद्यकीय पदवीधरांनी हे लक्षात ठेवावे की, नागपूरच्या पदवीवर इथे थेट पशुवैद्य म्हणून काम करता येत नाही, त्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. मात्र गाभण तपासणीचा हात असलेल्या कामगाराला यार्डात लगेच मान मिळतो.

या गुरांचे पुढे काय होते, हे घरच्यांना आधीच सांगून निघावे. ती मांसासाठी वाढवली जातात आणि त्यांतली पुष्कळशी डार्विन बंदरातून जिवंत इंडोनेशियाला जातात. २०११ मध्ये तिथल्या काही कत्तलखान्यांतील क्रूरतेचे चित्रीकरण प्रसिद्ध झाल्यावर सरकारने ही निर्यात काही आठवडे थांबवली होती आणि त्यानंतर जनावर परदेशात उतरल्यावरही त्याला कसे वागवले जाते यावर नियम आले. उत्तरेतली बहुतेक गुरे ब्राह्मण वंशाची किंवा त्याच्या संकराची असतात. गीर, ओंगोल, कांकरेज अशा आपल्याच गाईंपासून अमेरिकेत तयार झालेला हा वंश १९३३ मध्ये क्वीन्सलँडला आणला गेला, कारण तो ऊन आणि गोचीड दोन्ही सोसतो. वशिंड आणि लोंबती पोळी पाहिली की वर्ध्याकडची गवळाऊ आठवतेच. माझ्या बाबांनी पहिल्याच फोनवर विचारले होते, “ते जनावरं कापायलाच नेतात ना, मग तू तिथे काय करून राहिली?” मी त्यांना सांगितले की, माझ्या हाताखाली असेपर्यंत त्यांना पाणी, सावली आणि कमीत कमी त्रास मिळावा, एवढे माझे काम आहे. हे उत्तर सगळ्यांना पटेल असे नाही, आणि ज्यांना पटणार नाही त्यांनी दुग्धव्यवसायात किंवा फळबागेत काम शोधावे. त्यात कमीपणा काहीच नाही. शाकाहारी माणसाने फोनवरच तसे सांगावे, कारण स्वयंपाकघर स्टेशनच्याच गोमांसावर चालते. डाळ-तांदूळ डार्विनमध्ये मिळतात, ते सोबत न्यावेत.

पगाराबद्दल विचारायला लाजू नये. १ जुलै २०२५ पासून देशाचे किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर आहे आणि स्टेशनवरच्या कामाला पास्टोरल अवॉर्ड नावाची कायदेशीर वेतनश्रेणी लागू होते, ज्यात चार आठवड्यांचे नेहमीचे तास १५२ धरले आहेत. सांगितलेला आकडा जेवण-राहणे धरून आहे की ते कापून, हे आधीच विचारून लेखी घ्यावे. पगारापासून एका कामाच्या दिवसात पगारचिठ्ठी मिळालीच पाहिजे. ती जपून ठेवावी, कारण ४६२ व्हिसाचे दुसरे वर्ष हवे असेल तर उत्तरेत तीन महिने असे काम केल्याचा तोच पुरावा असतो. पैसे अडकले तर फेअर वर्क ऑम्बुड्समन या सरकारी कार्यालयाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. हे हक्क आपोआप आलेले नाहीत. याच स्टेशनांवर पिढ्यान्‌पिढ्या आदिवासी गुराख्यांनी अगदी तुटपुंज्या पैशांवर आणि शिध्यावर राबून हा धंदा उभा केला, आणि ऑगस्ट १९६६ मध्ये वेव्ह हिल स्टेशनवरचे गुरिंजी लोक व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली काम सोडून निघून गेले, ते आपली जमीन परत मागेपर्यंत थांबले नाहीत. १९७५ मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत माती घालून त्या जमिनीचा काही भाग परत दिला. उत्तरेत काम करायला येणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असलेच पाहिजे, असे मला वाटते.

मुलींच्या आई-वडिलांना सांगायचे तर, आज स्टेशनवरच्या तरुण कामगारांत मुली खूप आहेत. तरी खोली स्वतंत्र आणि कुलपाची आहे का, आणखी किती स्त्रिया तिथे राहतात, हे फोनवर नक्की विचारावे, आणि उत्तर टाळले गेले तर ते स्टेशन सोडून द्यावे. ज्यांना गुरांचे काम नको त्यांच्यासाठी मुलांना शिकवण्याचे काम आहे. १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जहून सुरू झालेल्या स्कूल ऑफ द एअर या दूरस्थ शाळेची मुले घरूनच शिकतात आणि त्यांच्याजवळ बसून अभ्यास करून घेणारी ताई प्रत्येक कुटुंबाला हवी असते, त्यासाठी बी.एड. बहुधा मागत नाहीत.

निघतानाची एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांसाठी विशेष महत्त्वाची आहे. लाळ्या-खुरकूत आणि लंपी हे दोन्ही रोग ऑस्ट्रेलियात नाहीत, आणि आपल्या गोठ्यातून निघालेल्या चिखलाच्या बुटांवरून लाळ्या-खुरकुताचा विषाणू तिथे पोहोचू शकतो. म्हणून गोठ्यातले बूट आणि दोर घरीच ठेवावेत, तूप, पेढे आणि मांसाचे पदार्थ आणू नयेत, सावजी मसाल्याचे सीलबंद पाकीट आणले तर ते जाहीर करावे, आणि गेल्या ३० दिवसांत गुरांच्या सान्निध्यात होता का, या विमानातल्या कार्डावरच्या प्रश्नाला खरे उत्तर लिहावे. अधिकारी बूट पाहतात, गरज वाटल्यास स्वच्छ करायला घेतात आणि पुढे जाऊ देतात. लपवून आणले आणि सापडले तर मात्र दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो.