टायरचा पिवळा दिवा आणि रविवारचा बायपास

डॅशबोर्डवर घोड्याच्या नालासारखं चिन्ह, त्यात उद्गारचिन्ह. टायरमधली हवा कमी झाल्याचा हा पिवळा दिवा लागला की पहिला सल्ला ठरलेला: "रिसेट मारा, जाईल." मला तो सोसायटीतल्या काकांनी दिला. त्यांच्या स्वतःच्या गाडीत हा दिवाच नाही, पण पुण्यात सल्ला द्यायला तेवढं कारण पुरेसं आहे.

मी आधी गेज, म्हणजे हवेचा दाब मोजायचं साधन, लावला. गाडी रात्रभर उभी होती, म्हणजे टायर थंड. खरं माप तेव्हाच मिळतं. ड्रायव्हरच्या दारालगतच्या स्टिकरवर 33 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) लिहिलंय. तीन चाकं 32 च्या आसपास, मागचं डावं 25. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा पाहून हवा भरणारे लोक मी पाहिलेत. तो आकडा टायरला सोसणारी कमाल मर्यादा असते, भरायचं माप नव्हे.

साबणाचं पाणी टाकल्यावर बुडबुडे आले. खिळा. कर्वेनगरात पंक्चर काढून घेतलं, हवा भरली, दिवा तसाच. "ताई, गाडी बंद करून चालू करा," दुकानदार म्हणाला. केली. दिवा ढिम्म.

याचं कारण माझ्या गाडीच्या पद्धतीत आहे. तिच्या चाकांत हवा मोजणारं काही नाहीच. एबीएससाठी, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेसाठी, प्रत्येक चाकाचा वेग मोजला जातो, त्यावरूनच अंदाज बांधला जातो. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित घटतो आणि ते बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे घेतं. रिसेट करणं म्हणजे गाडीला सांगणं, की आत्ता आहे ते बरोबर मान आणि पुढची तुलना याच्याशी कर. हवा कमी असताना बटण दाबलं तर ती कमी हवाच गाडी प्रमाण धरणार. काकांचा सल्ला म्हणूनच धोक्याचा.

त्यामुळे दुकानातून थेट रिसेट न करता मी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबले. धावून टायर तापले की दाब वाढतो, आणि पेट्रोल पंपावर पोचेपर्यंत ते तापलेलेच असतात. थंडीत तर फरक जास्तच: तापमान 5-6 अंशांनी उतरलं की साधारण 1 पीएसआय कमी होतो, आणि डिसेंबरात पुण्याच्या दुपार-पहाटेत 15 अंशांचं अंतर सहज असतं. घरच्या छोट्या इलेक्ट्रिक पंपाने चारही चाकं 33 वर आणली. साधीच हवा. नायट्रोजनसाठी रांग लावणाऱ्यांना एवढंच सांगेन, की साध्या हवेतही 78 टक्के तोच असतो.

मग गाडी उभी ठेवून, इग्निशन चालू करून, स्क्रीनवरच्या सेटिंग्जमध्ये टायर प्रेशर शोधलं आणि 'सेट' दाबून धरलं. बीप वाजला, दिवा गेला. काही गाड्यांत यासाठी स्टीअरिंगच्या खाली वेगळं बटण असतं, पुस्तिका पाहावी.

इथे काम संपत नाही. गाडीला नवं माप शिकायला काही वेळ सलग, एकसारख्या वेगाने धावावं लागतं. कर्वे रोडवर एकसारखा वेग! रविवारी उजाडताच वारज्याहून बायपासला लागले, चांदणी चौक ओलांडून बालेवाडीपर्यंत गेले आणि परत आले. ट्रक सोडले तर रस्ता मोकळा होता.

या पद्धतीची एक उणीव लक्षात ठेवायला हवी: चारही टायर सारखेच हळूहळू उतरले तर चाकांच्या वेगात फरक दिसत नाही आणि दिवा लागेलच असं नाही. म्हणून महिन्यातून एकदा गेज लावतेच, आणि मुंबईला निघायच्या आदल्या दिवशीही.

माझ्या भावाच्या गाडीचं तंत्र वेगळं. तिच्या प्रत्येक चाकात व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर आहे, तो रेडिओ लहरींनी दाब कळवतो. हवा भरून थोडं चालवलं की दिवा आपोआप जातो. अलीकडे मात्र त्याचा दिवा गाडी चालू केल्यावर मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. हे हवा कमी असल्याचं नव्हे, यंत्रणेतच बिघाड असल्याचं लक्षण. सेन्सरची बॅटरी साधारण 5 ते 10 वर्षं टिकते आणि सहसा सुटी बदलता येत नाही, अख्खा सेन्सर बदलून गाडीशी जोडून घ्यावा लागतो. त्यासाठी टायर रिममधून काढावाच लागतो, म्हणून त्याला म्हटलं, नवे टायर घालशील तेव्हाच हेही उरकून घे. तोवर गेज माझा घेऊन जा.