‘ते’ परत कसे आले, असे तुम्ही विचारलेत म्हणून

“एकदा जाळून काढले होते ना, मग ते परत कसे आले?” हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला सख्ख्या भावाने विचारला, औषधांचे दुकान चालवणाऱ्या मित्राने विचारला आणि दवाखान्यात नाव पुकारणाऱ्या मदतनिसानेही विचारला. गुप्तांगावरची चामखीळ असे स्पष्ट कोणी म्हणत नाही; सगळे ‘ते’ म्हणतात. स्वर निरनिराळे असले तरी ‘परत’ या शब्दावर पडणारा किंचित जोर सगळ्यांचा सारखा असतो. त्या जोराचा अर्थ “परत कुठे गेला होतास?” असा आहे, हे मला पुरते कळते. तसे सरळ विचारले असते तर उत्तर दोन शब्दांत देता आले असते: कुठेही नाही.

तरीही जो प्रश्न तोंडाने विचारला, त्याचे उत्तर देतो. या चामखिळी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे येतात. त्याचे अनेक प्रकार आहेत आणि दहापैकी नऊ वेळा ६ आणि ११ क्रमांकाचे प्रकार याला कारण असतात. हा विषाणू त्वचेच्या सर्वांत खालच्या थरात राहतो आणि चामखिळीच्या आजूबाजूच्या, डोळ्यांना अगदी निरोगी दिसणाऱ्या त्वचेतही तो असू शकतो. विजेच्या सुईने जाळा, द्रवरूप नायट्रोजनने गोठवा किंवा आम्लाचा ठिपका द्या, जाते ते फक्त दिसणारे. माझा भाऊ शेती करतो, म्हणून त्याला मी हरळीचा दाखला दिला: ती विळ्याने कापली म्हणून रान मोकळे झाले असे कोणी म्हणत नाही. त्यावर तो म्हणाला, “मग खणून काढ की.” दाखला तिथेच लंगडा पडला, कारण हे खणून काढता येत नाही, शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ते दाबावे लागते आणि त्याला महिने लागतात, कधी वर्षे लागतात. उपचारानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते उलटण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. माझे पहिल्यांदा उलटले ते अकराव्या आठवड्यात. डॉक्टरांनी हे आधीच बजावले होते हेही कबूल करतो. मी त्या दिवशी फक्त ‘झाले, सुटलो’ एवढेच ऐकले.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी दर आठवड्याला पोडोफायलिन लावले; ते काही तासांनी धुवायचे असे. बायकोला मी मूळव्याधीचे उपचार चालू आहेत असे सांगितले होते. तिसऱ्या वेळी मात्र त्या खुर्चीवर पुन्हा जाऊन बसणे मला जमेना. आमच्या घरी पायावरच्या चामखिळीला आजी घोड्याच्या शेपटीचा केस बांधायची, आणि तेवढ्याने ती गळाली नाही तर चुना व पापडखार कालवून काडीच्या टोकाने तिच्यावर ठिपका द्यायची. पावसाळ्यातल्या एका रात्री, सगळे झोपल्यावर, मी न्हाणीघराची कडी लावून तोच उद्योग केला. मिनिटभर काहीच झाले नाही, म्हणून मी आणखी लावले. मग एकदम आग सुरू झाली आणि घाईने ओतलेल्या पहिल्या तांब्याबरोबर तो लगदा खाली, धडधाकट त्वचेवर ओघळला. टॉवेल तोंडात धरून मी दोन बादल्या पाणी ओतले. नळाचा आवाज कोणी ऐकेल याची भीती मला त्या आगीपेक्षा जास्त वाटत होती, हे आज लिहितानाही विचित्र वाटते.

सकाळी मला खुर्चीत बसता येईना. बायकोने न्हाणीघरातली डबी आणून माझ्यासमोर ठेवली. आमच्या घरात तंबाखू कोणी खात नाही. “मूळव्याधीला चुना कोण लावतं हो?” एवढेच तिने विचारले. मग मी सगळे सांगितले, म्हणजे जवळजवळ सगळे. ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्याला घाबरून मी जे बोललो ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून इथे लिहितो. मी म्हणालो, “तुझ्याकडून तर आलं नसेल ना?” तुमच्या ‘परत’वरच्या जोराचा ज्याला इतका राग येतो, त्या माणसाने हे विचारले होते. ती म्हणाली, “उद्या मला तपासायला घेऊन चला. जे निघेल ते दोघं ऐकू.”

तिच्या तपासणीत काही निघाले नाही, गर्भाशयमुखाची पॅप चाचणीही चांगली आली. माझे एचआयव्हीचे, व्हीडीआरएलचे (सिफिलिस या गुप्तरोगाच्या चाचणीचे) आणि साखरेचे अहवाल मी पूर्वीपासूनच जपून ठेवले होते, जणू चारित्र्याचे दाखलेच. पण हा विषाणू लक्षणांवाचून दीर्घकाळ राहू शकतो, त्यामुळे तो कधी आणि कोणाकडून आला हे बहुतेक वेळा सांगताच येत नाही. लग्नाआधी माझे एका व्यक्तीशी संबंध होते. ते कारण असेल, नसेलही. माझी निर्दोष सुटका कोणताही अहवाल करत नाही, आणि तिच्यावर मी घेतलेला संशयही कोणताही अहवाल पुसत नाही.

चुन्याची जखम भरायला तीन आठवडे लागले आणि तिच्याच काठाला दोन नवे कोंब आले. डॉक्टर रागावले नाहीत. पुढे सोळा आठवडे, आठवड्यातून तीन रात्री इमिक्विमोडचे मलम लावून सकाळी धुवायचे, असे त्यांनी सांगितले. ते विषाणूला मारत नाही, शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करते. पुण्यात तयार होणारी लस घेऊन टाक, असे तुमच्यापैकी दोघांनी सुचवले आहे. तिच्यात ६ आणि ११ हे प्रकार आहेत हे खरे, पण लस पुढचा संसर्ग अडवते, आधीच झालेला काढत नाही. निरोध मी वापरतो, आणि त्याने न झाकलेल्या त्वचेतूनही हे पसरू शकते हेही मला माहीत आहे.

तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते, असे आज मी स्वतःला म्हणतो. तेव्हाचा मी लगेच उलटून विचारतो, की सांगितले असते तर तिने तेव्हा ऐकून घेतले असते याची खात्री तुला आहे का? नाही, तशी खात्री मला आजही नाही.

एकोणीस महिने काही नव्हते. गेल्या रविवारी ट्यूबलाइटखाली हातआरसा धरून पाहताना एक बारीक ठिपका दिसला. केसाच्या मुळाशी आलेली पुटकुळीही असू शकेल. गुरुवारची वेळ घेतली आहे. या वेळी बायकोला आधी सांगितले. ती “बरं” म्हणाली. त्या शब्दावर जोर होता की नव्हता, हे मला ठरवता आलेले नाही.