अंडी उचलल्याने अंडी थांबत नाहीत

अंडे अडकलेल्या माद्या माझ्याकडे उपचारासाठी अधूनमधून येतात, परंतु त्या संध्याकाळी आलेली निळी बजी, म्हणजे बजरीगर जातीची छोटी पोपटीण, मी विसरू शकलेलो नाही. ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुगवून बसली होती, प्रत्येक श्वासासरशी तिची शेपटी वरखाली होत होती आणि मी बोट पुढे केले तेव्हा तिच्या उजव्या पायाची पकड बसत नव्हती, कारण आतल्या अंड्याचा दाब पायाकडे जाणाऱ्या नसांवर येत होता.

अशा वेळी अंडे दाबून बाहेर काढण्याची घाई जिवावर बेतते. अंडे आत फुटू शकते आणि अंडनलिकेला इजा होते. म्हणून तिला सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या उबदार, दमट पेटीत ठेवले, सलाईन आणि कॅल्शियमचे इंजेक्शन दिले. अंडे पुढे ढकलणाऱ्या स्नायूंना आकुंचन पावण्यासाठीही कॅल्शियमच लागते. काही तासांनी अंडे आपोआप बाहेर आले. त्याचे कवच ओल्या कागदासारखे मऊ होते.

मग मी तिच्या दिनक्रमाची चौकशी केली. पालक काळजीने म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, घरात नर नाही. अंडे दिसले की मी लगेच उचलते, तिला उगाच त्रास नको म्हणून.’’ त्यांचा हेतू चांगला होता, तरीही नेमके हेच तिला पोखरत होते. नर नसला तरी बजीची मादी अंडी घालते. एक दिवसाआड, साधारण ४ ते ६. सुरुवातीच्या अंड्यांपासूनच ती उबवायला बसते, प्रत्येक अंड्याला सुमारे १८ दिवस लागतात, आणि त्या बसण्यानेच अंडी घालण्याची प्रक्रिया थांबते. अंडी नाहीशी होत राहिली, तर तिचे शरीर ती भरून काढत राहते आणि प्रत्येक कवचासाठी आहारातले कॅल्शियम पुरले नाही की ते हाडांतून घेते. जेमतेम ३० ते ४० ग्रॅमच्या जिवाला हे फार काळ पेलत नाही.

म्हणून मी सांगितले की पुढची अंडी उचलू नयेत, किंवा त्यांच्या जागी प्लॅस्टिकची अंडी ठेवून ती स्वतः सोडून जाईपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, राहू द्यावीत. घरट्याची पेटी काढावी, पिंजऱ्यातली मांडणी बदलावी, पाठीवरून हात फिरवू नये, दाण्यांबरोबर पालेभाज्या आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेस द्यावा. आरसा काढण्याचे मात्र त्यांच्या जिवावर आले, कारण बजी त्याच्याशी तासन्‌तास बोलत असे. परंतु तिच्या लेखी तो जोडीदारच होता, म्हणून मी आग्रह सोडला नाही.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे उजेड. त्यांच्या घरात दिवा मध्यरात्रीपर्यंत जळत असे आणि लांबलेला दिवस बजीच्या शरीराला विणीचा हंगाम सुरू असल्याचे सांगत राहतो. तिला शांत खोलीत १२ ते १४ तास सलग अंधार मिळू लागला.

त्यानंतर तिने पुन्हा अंडी घातली, ती बदललेली अंडी उबवत बसली आणि यथावकाश स्वतःच उठली. पुढे बरेच महिने अंडे आले नाही. त्यामुळे अंडी घालणे रोखणाऱ्या डेस्लोरेलिन या औषधाचे इम्प्लांट बसवण्याचा विचार मी तूर्त बाजूला ठेवला आहे. तिचे वजन मात्र तिच्या पालक ग्रॅमच्या काट्यावर नियमितपणे पाहतात, कारण फुगलेल्या पिसांखाली झालेली घट नुसत्या नजरेला कळत नाही.