उसाचा दर दिल्लीचा, वसुली राज्याची

वाळवा-कराड पट्ट्यात उसाचं बिल थकलं की पहिला प्रश्न येतो: दाद कुणाकडे मागायची, केंद्राकडे की राज्याकडे? उत्तर दोघांच्याही अधिकारात विभागलेलं आहे.

एफआरपी, म्हणजे उसाला द्यावाच लागणारा किमान दर, केंद्र ठरवतं, 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार. 2025-26 साठी 10.25 टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला 355 रुपये, त्यावर प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये. म्हणजे उतारा 12.25 असेल तर 20 टप्प्यांचे 69.20 वाढून 424.20, टनाला 4242. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. पावती हातात घेऊन हा हिशेब स्वतः मांडाच, कारण बहुतेक घोळ उतारा आणि तोडणी खर्चाच्या आकड्यांतच असतो.

ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे, नंतर 15 टक्के व्याज. थकले तर लेखी अर्ज पुण्याच्या साखर आयुक्तांकडे. ते आरआरसी, म्हणजे कारखान्याकडून थकबाकी वसूल करण्याचा आदेश, काढतात आणि जिल्हाधिकारी महसुली थकबाकीसारखी वसुली करतात. इथे यंत्रणा सगळी राज्याची.

राज्याला दर कमी करता येत नाही, पैसे लांबवताही येत नाहीत. 2022 मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा शासन निर्णय निघाला, तो मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केला. हा निकाल प्रत्येक ऊसकऱ्याने लक्षात ठेवावा. जास्त दर द्यायला मात्र राज्याला आडकाठी नाही. उत्तर प्रदेश स्वतःचा दर जाहीर करतंच.