आगोटीचे धान्य आणि व्हॅक्यूम सीलरची निवड : माझा अनुभव

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा आमची सगळी आगोट, म्हणजे पावसाळ्यासाठी मे महिन्यातच भरून ठेवलेले तांदूळ, कुळीथ, वाल, मिरच्या, मसाला आणि सुकी मासळी, तळमजल्यावरच्या कोठीत होती. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती आणि तिच्याहून हातभर उंच फळी मारून सासऱ्यांनी धान्याचे डबे तिच्यावर मांडले होते. या वेळी पाणी त्या फळीच्याही वर गेले. दोन रात्री शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर काढून आम्ही घरात परतलो, तेव्हा तांदूळ फुगून डब्यांची झाकणे वर आली होती आणि सगळ्याला चिखलाचा व डिझेलचा वास होता. त्यातले काहीही वाचवण्यासारखे नव्हते. मला सर्वांत जास्त लागले ते हे की पाणी अंगणात आल्यापासून उंबऱ्यावर चढेपर्यंत आमच्या हातात थोडा वेळ होता, पण पंधरा-पंधरा किलोंचे डबे जिन्यावरून वर नेणे सासऱ्यांना आणि मला जमले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आगोट भरताना मी ठरवले की निदान पंधरा दिवसांचे सामान तरी लहान, हलक्या, ओल न लागणाऱ्या पुड्यांत बांधून माळ्यावर ठेवायचे. व्हॅक्यूम सीलर, म्हणजे पिशवीतील हवा शोषून तिचे तोंड उष्णतेने चिकटवणारे यंत्र, घेण्याचा विचार त्यातून आला. ते निवडण्यात माझे दोन उन्हाळे गेले.

पहिली चूक घाईची झाली. मे महिना संपत आला होता आणि मी ऑनलाइन दिसलेले, दीड हजार रुपयांच्या आसपासचे एक लहान यंत्र मागवले. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीपेक्षा माझ्या निवडीचा अधिक होता. त्याची चिकटवणारी पट्टी इतकी अरुंद होती की पिशवीच्या तोंडाला किंचित सुरकुती पडली तरी हवा परत आत येई. सात-आठ पिशव्या झाल्या की पट्टी तापून यंत्र बंद पडे आणि अर्धा तास थांबावे लागे. वीस किलो तांदूळ भरायला बसलेल्या माणसाला अशा यंत्राचा उपयोग नाही. श्रावणापर्यंत निम्म्याहून अधिक पिशव्या सैल झाल्या होत्या.

त्याच वर्षी दुसरी गोष्ट घडली आणि ती यंत्राच्या दोषापेक्षा महत्त्वाची आहे. उकड्या तांदळाच्या दोन पिशव्या अगदी घट्ट राहिल्या होत्या, पण गणपतीच्या सुमारास त्या फुगलेल्या दिसल्या आणि उघडल्यावर आंबूस वास आला. सासूबाईंनी मूठभर तांदूळ हातात घेतले, वास घेतला आणि विचारले, “हवा काढलीस ती बरी केलीस, पण तांदूळ पुरता वाळला होता का गो?” तो वाळला नव्हता. हवा काढल्याने ओल जात नाही आणि सूक्ष्म जंतूही मरत नाहीत. उलट काही जंतू हवा नसतानाच वाढतात. बॉट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारा जंतू त्याच जातीचा आहे. म्हणून सोललेली लसूण, ओले खोबरे, शिजवलेले अन्न किंवा अर्धवट वाळलेली मासळी हवा काढलेल्या पिशवीत भरून बाहेर ठेवणे धोक्याचे आहे, आणि अशी पिशवी दिसायला व वासाला चांगली असली तरी धोका टळत नाही. हे सगळे यंत्रासोबत आलेल्या पत्रकात बारीक अक्षरात होते. ते मी आधी वाचायला हवे होते.

दुसऱ्या वर्षी मी यंत्रापासून सुरुवात न करता कोठीपासून केली. वहीत एका बाजूला जिन्नस लिहिले आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येकाला काय बाधते ते लिहिले. तांदळाला टोके (दाणे पोखरणारे किडे), कुळीथ-वालाला भुंगा, मसाल्याला ओल आणि वास उडणे, सुक्या खोबऱ्याला व शेंगदाण्यांना खवटपणा, सुक्या मासळीला ओल. किडे आणि खवटपणा या दोन्हींना प्राणवायू लागतो, त्यामुळे तिथे हवा काढण्याचा खरा उपयोग आहे. ओल बाहेरून येऊ नये म्हणूनही पिशवी उपयोगी आहे, पण आधीपासून आत असलेली ओल उन्हानेच घालवावी लागते. पापड आणि कुरडया मी यादीतून काढल्या, कारण हवा काढताना त्या चुरतात आणि त्यांची टोके पिशवीला भोके पाडतात. आमसुले चिकट असतात आणि दाब आला की त्यांचा रस तोंडाशी येऊन सील धरत नाही, म्हणून ती पूर्वीप्रमाणे बरणीतच राहिली.

ही यादी समोर ठेवल्यावर लक्षात आले की या यंत्रांची जी माहिती सर्वत्र मिळते ती बहुतेक फ्रीझरमध्ये मांस-मासे ठेवणाऱ्यांसाठी असते. आमची गरज वेगळी होती. पुरात आणि वादळात सर्वांत आधी वीज जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. ज्या साठ्याला फ्रीझर लागतो तो आपत्तीचा साठा म्हणता येणार नाही, असे माझे मत तेव्हा पक्के झाले, आणि त्यामुळे ओल्या पदार्थांसाठी असलेल्या सोयींवर पैसे घालण्याचे कारण उरले नाही.

तरीही चेंबरचे यंत्र पाहिल्याशिवाय निर्णय घ्यायचा नव्हता. ओळखीच्या एका महिला बचत गटाकडे काजूगर पॅक करण्यासाठी तसे यंत्र आहे, तिथे मी एक दुपार बसले. त्यात पूर्ण पिशवी झाकणाखालच्या पेटीत ठेवतात आणि पेटीतीलच हवा काढतात. पिशवीच्या आत आणि बाहेर दाब सारखाच उतरत असल्यामुळे रस किंवा तेल तोंडाकडे ओढले जात नाही, आणि साध्या गुळगुळीत, स्वस्त पिशव्याही चालतात. घरगुती यंत्र मात्र पिशवीच्या तोंडातून हवा ओढते, त्यामुळे त्याला आतून उठावाची नक्षी असलेली खास पिशवी लागते. त्या नक्षीच्या खाचांतूनच हवेला वाट मिळते. चेंबरच्या यंत्राचे काम निःसंशय अधिक चांगले होते. पण ते दोघींनी मिळून उचलावे लागे, त्याच्या पंपाचे तेल वेळच्या वेळी बदलावे लागे आणि किंमत आमच्या आवाक्याबाहेर होती. जे यंत्र पुराच्या वेळी जिन्यावरून वर नेता येणार नाही ते आमच्या घरी नको, एवढे मला पुरे होते.

मग घरगुती यंत्रांतच नीट पाहायचे ठरले. दुकानात जाताना मी घरचा तांदूळ आणि मिरचीची पूड बरोबर नेली आणि दुकानदारांना सांगितले की माझ्यासमोर सलग दहा पिशव्या बंद करून दाखवा. एका दुकानात नकार मिळाला, दुसऱ्या दुकानातल्या काकांनी आनंदाने करून दाखवले. शोषण किती, याबद्दल खोक्यांवर मोठे आकडे असतात. एका यंत्रावर उणे ८० किलोपास्कल लिहिले होते. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, म्हणजे ते यंत्र पूर्ण क्षमतेने चालले तरी सुमारे पाचवा हिस्सा हवा आत राहणारच. त्यामुळे ७० की ८० यावर फार घुटमळण्यात अर्थ नव्हता. उरलेल्या प्राणवायूसाठी लोखंडाची पूड असलेल्या लहान पुड्या मिळतात. ते लोखंड गंजताना प्राणवायू ओढून घेते. मी त्या फक्त तांदूळ आणि कडधान्यात घालते, आणि पाकीट फोडल्यावर उरलेल्या पुड्या लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवते, नाही तर हवेतच त्यांचे काम संपून जाते.

शेवटी मी जे यंत्र घेतले ते चार गोष्टींसाठी घेतले. त्याची चिकटवणारी पट्टी ३० सेंटीमीटर लांब आणि चांगली रुंद आहे व ते दोन समांतर सील मारते. एका सीलवर सुरकुती आली तरी दुसरे टिकते. हवा न काढता फक्त तोंड चिकटवण्याचे बटण वेगळे आहे. ते १५० वॅटच्या आत चालते, म्हणून वीज गेल्यावर आमच्या इन्व्हर्टरवरही काम होते. आणि झाकणाच्या कडेची स्पंजची पट्टी व तापणाऱ्या तारेवरची टेफ्लॉनची पट्टी, हे झिजणारे दोन्ही भाग त्याच दुकानात सुटे मिळतात. या चौथ्या गोष्टीला मी सर्वांत अधिक महत्त्व देते, कारण पहिल्या यंत्राची स्पंजची पट्टी दबून गेल्यावर तिच्या जागी घालायला काही मिळालेच नव्हते.

पिशव्यांचा खर्च मी आधी गृहीत धरला नव्हता. दोन किलो तांदळाला २८ सेंटीमीटर रुंदीच्या रोलमधून सुमारे ४० सेंटीमीटर तुकडा लागतो, म्हणजे पाच मीटरच्या रोलमध्ये बारा पिशव्या होतात. वीस किलो तांदळाला दहा पिशव्या, म्हणजे जवळजवळ एक रोल. दोन-तीन वर्षांत रोलांचा खर्च यंत्राच्या किमतीच्या जवळ जातो, म्हणून विशिष्ट कंपनीचेच रोल लागणारे यंत्र घेऊ नये. नायलॉन आणि पॉलिथिन अशा थरांची, अन्नासाठी असलेली पारदर्शक पिशवी आम्हाला पुरते. ॲल्युमिनियमच्या थराची पिशवी प्राणवायू अधिक चांगला अडवते, पण आम्ही साठा दर वर्षी बदलतो आणि आत टोका झाला तर तो बाहेरून दिसायला हवा.

आता काम कसे चालते ते सांगते. तांदूळ वैशाखाच्या उन्हात तीन दिवस वाळवतो. सासूबाई दाणा दाताखाली धरतात. तो कट् असा फुटला पाहिजे, दबता कामा नये. उन्हातून आणलेले धान्य गरम असतानाच भरले तर पिशवीच्या आत घाम येतो, आणि रात्रभर उघडे ठेवले तर आपल्याकडच्या दमट हवेने पुन्हा ओल धरते, म्हणून घरात पसरून निवले की त्याच संध्याकाळी भरायचे. कुळीथ आणि वाल थोडेच असतात, ते आधी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते, म्हणजे किड्यांची अंडी मरतात. मग बंद पिशवीतच नेहमीच्या तापमानाला येऊ देते. मसाला आणि पीठ थेट भरले तर पूड तोंडाकडे ओढली जाऊन सीलमध्ये अडकते, म्हणून ते कागदी पिशवीत घालून मग मोठ्या पिशवीत ठेवते. सुके बोंबील कडकडीत वाळलेलेच घेते, जाड कागदात गुंडाळते आणि दोन पिशव्यांत भरते. बंद केलेली प्रत्येक पिशवी हाताने चाचपते आणि एक दिवस तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचपते. पहिल्या वर्षी निम्म्याहून अधिक सैल झाल्या होत्या. या पद्धतीने भरलेल्या चाळीसपैकी तीन सैल झाल्या, आणि त्या तिन्हींना दाण्याच्या टोकाने बारीक छिद्र पडले होते.

पुरात चूल किंवा गॅस पेटेलच असे नसते, म्हणून फुटाणे, शेंगदाणे, खजूर, गूळ आणि सातूचे पीठ यांच्या वेगळ्या पिशव्या केल्या. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पट्टीतच ठेवून, हवा न काढता, फक्त तोंड चिकटवलेल्या पिशवीत ठेवते, कारण जोराच्या दाबाने पट्टी फुटू शकते. खरेदीखत आणि विम्याची कागदपत्रे दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून बंद केली आहेत. पुठ्ठे नसताना पहिल्यांदा केले तेव्हा जुन्या स्टॅम्पपेपरला कायमच्या घड्या पडल्या.

उंदीर या पिशव्या एका रात्रीत कुरतडतात, म्हणून सगळ्या पिशव्या पत्र्याच्या डब्यांत ठेवाव्या लागतात. शिवाय घरी बंद केलेली पिशवी पुराच्या पाण्यात बुडाली तर आतले अन्न आम्ही खाणार नाही. त्या पाण्यात काय काय मिसळलेले असते ते आम्ही पाहिले आहे. पिशव्यांचा उपयोग सामान चटकन वर नेण्यासाठी आहे. चार माणसांच्या आठ दिवसांच्या पिशव्या एका खांद्याच्या थैलीत बसतात, अशा दोन थैल्या आहेत, आणि त्यातली जड थैलीही माझी बारा वर्षांची मुलगी जिन्यावरून वर नेऊ शकते. हे आम्ही तिच्याकडून प्रत्यक्ष करवून पाहिले.

मृग लागण्याआधी गेल्या वर्षीच्या पिशव्या उघडून तो तांदूळ रोजच्या वापरात घेतो आणि तारीख घातलेल्या नव्या पिशव्या त्यांच्या जागी जातात. काम संपले की मी स्पंजची पट्टी ओल्या फडक्याने पुसून वाळवते आणि झाकण न अडकवता ठेवते, म्हणजे पट्टी दबत नाही. सुट्या पट्ट्यांचे पाकीट यंत्रालाच दोरीने बांधलेले असते, आणि यंत्रही आता माळ्यावरच असते.