इस्फहानचा शुक्रवार

सुट्टीचा दिवस आणि बंद बाजार, टूर मॅनेजरच्या डोक्याला याहून मोठा ताप नाही. इराणमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते आणि आमचा इस्फहानचा दिवस नेमका शुक्रवारी आला. गट पुण्या-साताऱ्याकडच्या निवृत्त मंडळींचा. नक्श-ए-जहान चौकात बरीच दुकानं बंद दिसली आणि कुरकुर सुरू झाली. "गालिचे काय बंद दारातून बघायचे?"

इराणचा बादशहा शाह अब्बास याने सतराव्या शतकाच्या तोंडावर उभारलेला हा चौक सुमारे 560 मीटर लांब आणि 160 मीटर रुंद आहे. इथे पोलो चालायचा. दोन्ही टोकांचे दगडी गोलपोस्ट अजून उभे आहेत. हिरवळ आणि मधला हौद मात्र विसाव्या शतकातला.

नमाज उरकल्यावर शाही मशिदीत गेलो. पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले एक काका दारातच अडले. कमान चौकाला सरळ, मग मागचा घुमट तिरका का? मक्केची दिशा नैर्ऋत्येला, चौक मात्र त्या रेषेत नाही. म्हणून दारातून आत शिरताच वाट वळते आणि सगळी मशीद साधारण 45 अंशांत फिरवलेली आहे. काकांनी मान डोलावली. "आमच्या खात्यानं आधी चौक पाडला असता."

ऊन उतरलं तशी गावातली कुटुंबं येऊ लागली. सतरंज्या, थर्मास, कलिंगडं, पोरांच्या सायकली. 1979पासून जागतिक वारसा यादीत असलेली जागा, पण हिरवळीवर बसलं म्हणून कुणी शिट्टी मारली नाही. आपल्याकडे आधी पाटी लागते.

बसची वेळ झाली तरी हेड काउंट जुळेना. शोधत गेलो, तर आमच्या तीन काकू एका कुटुंबाच्या सतरंजीवर. दातात साखरेचा खडा धरून त्यावर कोरा चहा प्यायचं शिक्षण चाललं होतं. समोरच्या आजींना मराठी येत नव्हतं, यांना फारसी. तरी गुडघेदुखीवर सविस्तर चर्चा सुरू होती. मी घड्याळ दाखवलं.

"तुम्ही व्हा पुढे," काकू म्हणाल्या, "यांनी आत्ताच गझचा डबा उघडलाय." पिस्ते घातलेली ती इथली खास मिठाई.

मी हॉटेलला फोन करून जेवण तासभर पुढे ढकललं. आता गट शुक्रवारीच इस्फहानला पोचेल, असं बघतो. दुकानं बंद होती, ही तक्रार फीडबॅकमध्ये दर वेळी येते.